बारा काड्यांचं एक घर

राय कापायची ती पिकण्याआधी,
दाणा दुधाळ असताना.
नंतर काडी ठिसूळ होते, सुईचं ऐकत नाही.
म्हणून जुलैत, गुडघे कुरकुरत असतानाच, मी गेले
यादविगाच्या शेताच्या कडेला
आणि ओंजळभर मागितली. तिने भारा दिला.
भारा मांडीवर घेऊन बसमध्ये बसले
तर ड्रायव्हर म्हणतो, "मावशी, घोडा कुठं बांधलाय?"

डिसेंबरात कोमट पाण्यात भिजवल्या,
पेरं टाकून दिली, उरलं ते एका मापाने कापलं.
बारा काड्या, एक दोरा, मध्ये कोंडलेली हवा:
असं एक घर.
अशी अठ्ठावीस घरं, एकाखाली एक लोंबणारी.
एकोणतिसाव्याला दोरा तुटला.
मी शिवी दिली,
सणाचे दिवस आठवून निम्मी गिळली.

उग्नेचा फ्लॅट विल्नियसला, सातव्या मजल्यावर.
भिंती पांढऱ्या, सोफा राखाडी,
उशासुद्धा एकमेकींना विचारून बसलेल्या.
जेवायचं टेबल काचेचं,
घास घेताना आपलेच मोजे दिसतात.
वर पितळी दिवा. आणि बघते तर काय,
तोच आकार! त्याच बारा दांड्या!
फक्त न हलणारा. वॉरंटी पाच वर्षांची.
"आई, हे गवत आपण बाल्कनीत लावू या का?"
बाल्कनीत उणे नऊ.
लाव म्हटलं.
पाहुणीने भिंतींशी भांडू नये.

मग मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.
रात्रभर भिजलेली खसखस तीनदा वाटली,
तिसऱ्यांदा तिने दूध सोडलं, निळसर, कंजूष.
लियेपाने कणकेच्या वळ्या केल्या,
बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडले,
मोजता मोजता त्रेसष्टला चुकली, पुन्हा एकपासून.
पहिला घाणा करपला. तो मांतविदासने उभ्याउभ्या संपवला
आणि म्हणाला, मला असेच आवडतात.
खोटारडा. पण चांगला जावई.

हेरिंग, बीट, मशरूम, वाटाणे,
बारा पदार्थ जमेनात, अकरावर अडलो,
तेव्हा पावालाही पदार्थ म्हटलं.
टेबलावर आधी पसरलं वाळलेलं गवत,
त्यावर आजेसासूची चादर,
आणि एक ताट जास्तीचं, स्तेपोनासचं,
ज्याला बीट कधीच आवडलं नाही.

पहिली चांदणी शोधायला पोर खिडकीशी हवी होती.
ती टेबलाखाली सापडली, पाठीवर आडवी.
"आई! इथून शेत दिसतंय! उलटं!"
उग्ने वाकली. मग बसली.
मग त्या महागड्या ड्रेसमध्ये
लेकीशेजारी फरशीवर आडवी झाली.
काचेतून दिसत होतं सगळं:
दबलेली पाती, क्लोव्हरचं एक फूल
अजून जांभळं, एक वाळलेली मुंगी,
कुणाच्या तरी जुलैचा चिमूटभर उन्हाळा.
बराच वेळ दोघींचे फक्त पाय दिसत होते.
सूप निवत होतं. मी काही बोलले नाही,
हे माझ्या बाबतीत नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

उठली ती सरळ बाल्कनीत गेली.
आत आणलं ते, काड्यांवर दहिवर गोठलेलं,
खुर्चीवर चढून पितळी दिव्यालाच अडकवलं
आणि केसांतलं गवत काढत म्हणाली, "वाढ ना आता."

ते थेंब थेंब गळलं थोडं, हेरिंगवर.
मग हळूच फिरायला लागलं,
एक घर, त्याखालचं, त्याखालचं,
आणि पांढऱ्या भिंतीवर सावल्यांची एक आळी चालू लागली.
लियेपाने जास्तीच्या ताटाकडे पाहिलं.
मांतविदास म्हणाला, रेडिएटरची गरम हवा वर जाते.
असेल, मी म्हटलं.

शेवटी चादरीखालून डोळे मिटून काडी ओढायची:
लांब त्याला लांब आयुष्य.
उग्नेची वीतभर. पोरीची तर संपेचना.
माझी निघाली आखूड.
ती मी लियेपाच्या वेणीत खोचली
आणि खसखशीचं दूध अजून एक वाटी मागितलं.